पेढीवरची दुचाकी : पुढच्या शॉकअपमध्ये कोणते तेल घालावे?

टायरमधील हवेविषयी या सदरात लिहिले, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहे. बार्शीच्या एका वाचक भगिनींनी तो फार नेमकेपणाने मांडला आहे. त्यांचे यजमान भुसार मालाचे व्यापारी. आठवड्यातून तीन दिवस ते आसपासच्या गावी मोटारसायकलवरून वसुलीस जातात. टाकीवर वह्यांची व नमुन्यांची जड थैली, मागे एखादे पोते. ब्रेक लावताच गाडी पुढच्या बाजूस फार बसते, अशी त्यांची तक्रार. मिस्त्रीने सुचविले की शॉकअपमध्ये जाड तेल भरू. म्हणजे गाडी कडक होईल आणि ओझेही पेलेल. "हे करावे की नाही, एवढे सांगा," असे त्या लिहितात.

उत्तर 'करू नये' असे आहे. परंतु नुसते एवढे सांगून भागणार नाही, कारण मिस्त्रीचे बोलणे ऐकताना पटण्यासारखे वाटते. चार वर्षांपूर्वी ते मलाही पटले होते.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा आमच्या कापड दुकानाची बाहेरगावची वसुली पाहतो. त्याच्या गाडीच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गेले. चकचकीत पाइपावर तेलाचा ओघळ दिसू लागला आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ उमटली. मिस्त्रीने सील बदलले आणि म्हणाला, "दादा, आता असे कडक करून देतो की दोन वर्षे बघायला नको." त्याने इंजिनात घालतात ते २० डब्ल्यू ४० तेल दोन्ही बाजूंना भरले, तेही अंदाजाने आणि थोडे चढतेच. दुकानापुढे गाडी उभी करून आम्ही हँडल दाबून पाहिले, तर ते सहजी हलेना. पुतण्या खूश झाला. मीही झालो, हे कबूल केले पाहिजे.

पंधरवड्यानंतर तो सोलापूरकडे परतत होता. एका रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर उंचवट्यांच्या पट्ट्या होत्या. आपण त्यांना रंबलर म्हणतो. त्या पट्ट्यांवरच त्याने नेहमीप्रमाणे पुढचा ब्रेक दाबला. हँडल थरथरले, पुढचे चाक जणू रस्त्यावर टेकतच नाही असे त्याला वाटले, आणि पुढच्याच क्षणी गाडी आडवी झाली. डाव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. दिवाळीचा हंगाम तोंडावर होता. वेग फारसा नव्हता आणि मागे वाहन नव्हते, म्हणून एवढ्यावर निभावले.

प्रथम आम्ही सर्वांनी रस्त्याला दोष दिला. गाडी दुरुस्तीस गेली ती मात्र दुसऱ्या एका वयस्क कारागिराकडे. त्याने शॉकअप सोडवून बाकावर धरले, जोर लावून दाबले आणि सोडून दिले. नळी वर यावयास एवढा वेळ लागला की आपल्या दुकानांच्या काचेच्या दाराला बसविलेल्या क्लोजरची आठवण व्हावी. दार जसे हळूहळू, अडखळत मिटते, तशी ती वर सरकत होती. कारागीर म्हणाला, "काका, हे दार आहे. चाक नाही."

तो काय म्हणत होता ते समजण्यासाठी आतली रचना थोडी पाहावी लागेल. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात. प्रत्येकीत एक लांब स्प्रिंग असते आणि तळाशी भोके पाडलेली एक बारीक नळी असते. उरलेल्या जागेत खाली तेल आणि वर हवा. गाडीचे, स्वाराचे व मालाचे वजन पेलते ती स्प्रिंग. तेल एक किलोचेही वजन पेलत नाही. उभ्या गाडीच्या टाकीवर वीस किलोची थैली ठेवा. पुढची बाजू जेवढी बसायची तेवढी बसेल, मग आत पाण्यासारखे पातळ तेल असो की मधासारखे जाड. फरक इतकाच, की जाड तेल असेल तर ती सावकाश बसेल. स्प्रिंग दबण्याचा आणि पुन्हा उसळण्याचा वेग आवरणे, एवढेच तेलाचे काम. स्प्रिंग दबली की तेल भोकांतून एका बाजूला जाते, उसळली की परत येते, आणि या जाण्यायेण्यात धक्क्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन विरते.

आता रंबलरवर काय घडले ते पाहा. पहिल्या पट्टीने चाक वर ढकलले, स्प्रिंग दबली. स्प्रिंगने चाक पुन्हा खाली रस्त्यावर टेकवायला हवे होते, पण जाड तेल भोकांतून लवकर परत येईना. चाक अर्धेच खाली आले तोच दुसरी पट्टी आली, मग तिसरी. प्रत्येक पट्टीला शॉकअप थोडे अधिक आखडले आणि चार-सहा पट्ट्यांत ते जवळजवळ दबूनच राहिले. त्यात ब्रेकमुळे पुढे आलेले वजन. चाकाला वर जावयास जागा उरली नाही आणि खाली येण्यास सवड मिळाली नाही. ते पट्टीवरून पट्टीवर उडू लागले. हवेत असलेल्या टायरला ब्रेक कसा लागणार? दुकानापुढे हँडल दाबताना जो कडकपणा आम्हाला बळ वाटला, तोच रस्त्यावर घात करणारा ठरला.

तेलाने धक्का आवरण्याची कल्पना फार जुनी नाही. पूर्वीच्या मोटारसायकलींना पुढे सांगाड्यासारखा चिमटा आणि स्प्रिंग असे, आणि उसळी आवरण्यासाठी घर्षणाच्या चकत्या असत. त्या हाताने आवळायच्या. घर्षणाचा दोष असा, की ते मंद हालचालीला आणि जोराच्या धक्क्याला जवळपास सारखाच विरोध करते. तेलाचे तसे नाही. हालचाल मंद असेल तर ते वाट देते, वेगाची असेल तर अडवते. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ मध्ये आर १२ या गाडीवर तेलाने आवरलेला नळीचा शॉकअप आणला आणि पुढे जगभर हीच रचना रूढ झाली. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकालाही असेच शॉकअप होते. आज वाळूजच्या एन्ड्युरन्स आणि चाकणच्या गॅब्रिएल या कारखान्यांत तयार होणारे शॉकअप आपल्या कितीतरी गाड्यांना बसतात.

मात्र साध्या भोकांच्या रचनेला एक मर्यादा आहे. भोकातून जाणाऱ्या तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. म्हणून खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर शॉकअप आधीच ताठर होते. तेल जाड असेल तर ते लोखंडी कांबीसारखे वागते, धक्का थेट मनगटात उतरतो आणि सीलवरचा दाबही वाढतो. वर्षभरात पुन्हा सील जाण्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांच्यामागे गंजलेला पाइप असतो तसे हेही कारण असू शकते.

योग्य तेल कोणते, हे ओळखायचे कसे? या ठिकाणी व्यापाऱ्याची नजर कामी येते, कारण गोंधळ मालाच्या नंबराचा आहे. डब्यावर ५ डब्ल्यू, १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू, २० डब्ल्यू असे छापलेले असते. आकडा जितका मोठा तितके तेल जाड, एवढे एका कंपनीच्या मालापुरते खरे. परंतु शॉकअपच्या तेलासाठी हा नंबर सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारा नाही. डब्ल्यू ही खूण मुळात इंजिनाच्या तेलाच्या थंडीतील वागणुकीसाठी आहे. शॉकअपच्या तेलावर ती रूढीने आली. डाळीच्या पोत्यावरचा 'सुपर' हा मार्का जसा प्रत्येक मिलचा वेगळा, तसाच हा नंबर. एका कंपनीचे १० डब्ल्यू दुसरीच्या १५ डब्ल्यूएवढे जाड निघू शकते.

खरे माप सेंटिस्टोकमध्ये असते. तेल ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक, हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो आणि तो पाहिल्यावर फसगत टळते. बाजारातील १० डब्ल्यू तेलांमध्ये कुणाचे ३२ सेंटिस्टोकच्या आसपास, तर कुणाचे ४५ च्याही वर आढळते. माहितीपत्रकात १०० अंशांचाही आकडा असतो, पण तो इंजिनासाठी महत्त्वाचा. शॉकअप इतके तापत नाही. आपल्याकडची मे महिन्यातील दुपार हीच जवळजवळ ४० अंशांची कसोटी आहे.

या मापाने पाहिले तर पुतण्याच्या गाडीचा हिशेब लगेच उलगडतो. इंजिनाचे २० डब्ल्यू ४० तेल ४० अंशांना शंभराच्या पुढे, पुष्कळदा १२० सेंटिस्टोकच्या आसपास असते. म्हणजे शॉकअपला हवे असलेल्या तेलाच्या तिप्पट-चौपट जाड. 'तेल ते तेल' या न्यायाने ते भरले जाते, कारण ते हाताशी असते. शिवाय इंजिनाच्या तेलातील रसायने काजळी धुऊन धरून ठेवण्यासाठी असतात; शॉकअपमध्ये काजळी नसतेच. शॉकअपच्या तेलाला फेस न येण्याचा गुण हवा, कारण आतील हवेशी ते सतत घुसळले जाते आणि फेसाळलेले तेल भोकांतून विरोधाशिवाय निसटते.

तेलगिरण्या, जिनिंग आणि प्रेस चालविणाऱ्या वाचकांच्या गोदामात हायड्रॉलिक तेलाचे पिंप असते. ते चालेल का, असेही विचारले जाते. त्या तेलाचा नंबर, ३२, ४६, ६८, हाच ४० अंशांचा सेंटिस्टोकचा आकडा असतो, ही त्यातली चांगली गोष्ट. म्हणून हायड्रॉलिकचे ३२ म्हणजे ३० डब्ल्यू, असे समजू नये. ते अनेक कंपन्यांच्या १० डब्ल्यूच्या जवळचे आहे आणि ६८ हे बहुतेक गाड्यांना जाडच पडेल. जुन्या जपानी गाड्यांच्या पुस्तिकांत मोटारीच्या स्वयंचलित गिअरचे तेल शॉकअपला सांगितलेले आढळते, त्याचेही कारण हेच की त्याचा आकडा ३५ च्या आसपास असतो. तरीही एका बाजूला लागणारे तेल पेलाभरसुद्धा नसते. एवढ्यासाठी पिंपाकडे जाण्यात काटकसर नाही. डब्यावर 'फोर्क ऑइल' लिहिलेलेच घ्यावे.

तेलाच्या माहितीपत्रकात व्हिस्कॉसिटी इंडेक्स असा आणखी एक आकडा असतो. तो जितका मोठा, तितका हवामानाने तेलाच्या जाडपणात पडणारा फरक कमी. साध्या खनिज तेलाचा तो शंभराच्या आसपास असतो, चांगल्या शॉकअप तेलाचा दीडशेच्या पुढे. पहाटे घाट चढून दुपारी तापलेल्या रस्त्यावर येणाऱ्याला हा फरक जाणवतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

दोन तेले मिसळून मधला नंबर करण्याची युक्तीही मिस्त्री सांगतात. एकाच कंपनीची दोन तेले असतील तर ती वाईट नाही, पण हिशेब आपल्या सरासरीच्या गणिताने करू नये. चाळीसचा आणि साठचा गूळ समभाग मिसळला की पन्नासचा भाव निघतो. तेलाचे तसे नाही. २२ आणि ६८ सेंटिस्टोकची तेले समभाग मिसळली तर मिश्रण ४५ चे न होता ३७ च्या आसपास येते. पातळ तेलाचा प्रभाव अधिक पडतो.

नंबराइतकेच प्रमाण महत्त्वाचे आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानांत सर्वांत जास्त हयगय त्यातच होते. तेलावर कोंडलेली हवा हीदेखील एक स्प्रिंगच असते. शॉकअप दबत गेले की हवा आकुंचन पावते आणि शेवटच्या टप्प्यात तिचा रेटा झपाट्याने वाढतो. तेल चढते भरले तर हवेला जागा उरत नाही. मोठ्या खड्ड्यात दाब एवढा चढतो की सील सुटते. कमी भरले तर शॉकअप तळाशी आपटते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत मिलीलिटरचा आकडा दिलेला असतो. पुष्कळदा दोन आकडे असतात. नुसते जुने तेल काढून नवे भरताना कमी, आणि सर्व भाग सोडवून पुसून जोडताना थोडा अधिक, कारण पहिल्या वेळी काही तेल आतच चिकटून राहते. याच दोन आकड्यांच्या घोटाळ्यात चढते तेल भरले जाते. औषधाच्या दुकानातून मापाचा पेला आणून मिस्त्रीच्या हाती द्यावा. तो हसेल, पण त्यानेच मापेल. काही गाड्यांसाठी स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलाची पातळी किती मिलिमीटर खाली असावी तेही दिलेले असते. ते माप सर्वांत विश्वसनीय. दोन्ही बाजूंना, पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर, तेल सारखेच असावे.

हे काम घरी करण्याची हौस असलेल्या तरुणांना एकच सूचना. नळीच्या टोकाचा नट दबलेल्या स्प्रिंगवर बसलेला असतो. शेवटच्या आट्याला तो उसळून तोंडावर येतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, गाडी नीट टेकवूनच तो सोडवावा आणि तोंड बाजूला ठेवावे. काढलेले तेल गटारात ओतू नये. डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. त्या तेलाकडे एकदा निरखून मात्र जरूर पाहावे. राखाडी आणि चमकी असलेले असेल तर आतील बुश झिजत आहेत. दुधाळ असेल तर पावसाळ्यात पाणी शिरले आहे, म्हणजे सील तपासले पाहिजे. त्याची दुर्गंधी एवढी असते की घरातील मंडळी हे काम पुन्हा अंगणात करू देणार नाहीत.

स्कूटरवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या चेतकच्या पुढच्या चाकाला एकाच बाजूचा आधार व बंद शॉकअप असे. त्यात तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. अ‍ॅक्टिव्हामध्ये १२५ सी.सी.च्या गाडीला २०१४ पासून आणि छोट्या गाडीला २०२० च्या सिक्स जी पासून मोटारसायकलसारखे नळीचे शॉकअप आले, तेव्हा वर लिहिलेले त्यांनाही लागू. मुलांच्या नव्या गाड्यांना जाड नळी वर आणि बारीक खाली, असे उलटे शॉकअप असते. चाकणला तयार होणारी ड्यूक ही त्यांतलीच. तेथे पुस्तिकेत लिहिलेल्याखेरीज दुसरे तेल वापरू नये आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते उघडूही देऊ नये.

आता बार्शीच्या भगिनींच्या मूळ तक्रारीकडे वळू. गाडी ब्रेक लावताच फार बसते, तर प्रथम टाकीवरची थैली काढून मागे बांधावी. ते वजन निम्म्याहून अधिक पुढच्या चाकावर येत असावे. नंतर शॉकअप उघडून स्प्रिंगची लांबी मापावी. वर्षानुवर्षे दबून स्प्रिंग आखूड होते. किती आखूड चालेल ती मर्यादा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते. त्याहून कमी भरली तर जोडीने नव्या स्प्रिंगा घालाव्यात. तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्याच नंबरचे, मापून भरावे. तरीही ओझे नेहमीचेच असेल तर कडक स्प्रिंग घ्यावी आणि मगच तेल एक पायरी जाड करण्याचा विचार करावा, कारण कडक स्प्रिंगची उसळीही अधिक असते. जाड तेलाला खरा आधार आहे तो एवढाच.

तेल योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून धरावा, हँडलवर पूर्ण भार देऊन शॉकअप दाबावे आणि भार सोडावा. ते एकदाच वर येऊन स्थिरावले तर ठीक. दोन-तीन वेळा डोलले तर तेल पातळ, जुने किंवा कमी आहे. दाराच्या क्लोजरसारखे रेंगाळत वर आले तर जाड आहे.

पुतण्याच्या गाडीच्या दोन्ही स्प्रिंगा मर्यादेहून आखूड निघाल्या. सील जाण्याच्या कितीतरी आधीपासून गाडी बसत होती, ती यामुळे. नव्या स्प्रिंगा आणि पुस्तिकेप्रमाणे मापलेले तेल घातले, त्याला चौथे वर्ष चालू आहे. मध्यंतरी एकदा तेल बदलले. हँडलखाली त्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तेल बदलल्याची तारीख, सेंटिस्टोक आणि मिलीलिटर लिहिलेले असतात. मिस्त्री बदलला तरी चिठ्ठी गाडीबरोबर राहते. त्या भगिनींनी आपल्या गाडीचे नाव व वर्ष कळविले नाही. ते कळविल्यास पुस्तिकेतील आकडे पाहून टपालाने उत्तर पाठवीन.